पडद्यावरचा शाहीर

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, रायपूर आणि दुर्ग या दोन शहरांच्या मध्ये भिलाई-३ हे गाव आहे. गावाच्या नावात आकडा कसा, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. येथे राहणाऱ्यांना मात्र तो आकडा घराच्या उंबरठ्याइतका सवयीचा झालेला असतो. लगतच्या चरोद्याला रेल्वेचे मोठे यार्ड आहे. मालगाड्यांचे डबे तेथे सुटे होतात, पुन्हा जोडले जातात आणि त्यांचा खणखणाट रात्री उशिरापर्यंत घराघरांत ऐकू येतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या उजेडाकडे आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, ओडिशा अशा सर्व दिशांनी माणसे आली. विदर्भातील मराठी माणसेही आली. त्यांना हा मुलूख अगदी परका नव्हता. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात मोडत असे, त्याची राजधानी नागपूर हीच होती.

अशाच एका मराठी कुटुंबातील सूनबाईची ही हकिकत आहे. तिचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसे, म्हणून आठवीनंतर तिची शाळा सुटली. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली आणि शाळेची आठवण फडताळातल्या जुन्या पितळी भांड्यासारखी मागे सरकत गेली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिने मुक्त विद्यालयात दहावीसाठी नाव नोंदवले. पहिल्याच प्रयत्नात इतर विषय सुटले. राहिला तो मराठी.

हे तिच्या जिव्हारी लागले. गणितात नापास झाली असती तर तिला एवढे वाईट वाटले नसते. ज्या भाषेत आईने हाक मारली, ज्या भाषेत पाळणा ऐकला, त्याच भाषेत कागदाने तिला मागे ठेवले होते. बाजारात ती हिंदी बोलत असे, शेजारणींशी छत्तीसगढी बोलत असे; मुले मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देत. घरात मराठी टिकून होती ती तिच्यात आणि सासऱ्यांमध्ये. "आपली मराठी आता चुलीपुरतीच उरली," असे ती स्वतःशी म्हणे. राहिलेला विषय पुन्हा देता येतो, हे तिला ठाऊक होते. तरीही यंदा परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, असे तिने मनाशी ठरवले होते. ही गोष्ट तिने घरात कोणाला सांगितली नव्हती. सासऱ्यांनी ती ओळखली, कारण पुस्तक आठ दिवस एकाच जागी पडून होते.

सासरे रेल्वेतून निवृत्त झाले होते. यार्डात पॉइंट्समन म्हणून त्यांनी तेहतीस वर्षे काढली. सूनबाई त्यांना मामाजी म्हणत असे. एका रविवारी दुपारी ते पुस्तक घेऊन ओसरीवर बसले आणि जेथे पान दुमडलेले होते ते त्यांनी उघडले. पाठ शाहिरी काव्याचा होता. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ अशी नावे पेन्सिलीने अधोरेखित केलेली होती. समोर सूनबाई सुपात तांदूळ निवडत होती आणि निवडता निवडता आईच्या तोंडची एक ओवी गुणगुणत होती.

"ही नावं पाठ झाली का, बेटा?" त्यांनी विचारले.

"झाली, मामाजी. गाडीचे थांबे पाठ करावे तशी झाली. पण उतरून पाहिलं नाही एकाही ठिकाणी. शाहीर म्हणजे काय, हेच मला नीट उमगत नाही. लावणी म्हणजे नाचगाणं. त्याचा धडा कशाला?"

मामाजी हसले. "याच्यातल्या पहिल्या माणसावर सिनेमा आहे. सत्तेचाळीस सालचा. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता मी. चल, आज आपण एका थांब्यावर उतरू."

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाचा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवण्यात आला आणि त्या वीतभर पडद्यावर 'लोकशाहीर रामजोशी' सुरू झाला. चित्र काळेपांढरे होते, जागोजागी ओरखडे पडलेले होते. आवाज मात्र डफावर थाप पडावी तसा स्पष्ट होता.

हा चित्रपट १९४७ साली प्रदर्शित झाला. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली मुंबईत स्थापन केलेल्या राजकमल कलामंदिर या संस्थेने तो निर्माण केला. दिग्दर्शक म्हणून बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम अशी दोन नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूरावांच्या हाताखालीच शांताराम चित्रपटाची कला शिकले होते. बाबूरावांच्या 'सावकारी पाश' या १९२५ सालच्या मूकपटात त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. म्हणजे एका शाहिराच्या चरित्रपटासाठी गुरू आणि शिष्य पुन्हा एकत्र आले होते. संवाद आणि गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. रामजोशींची भूमिका संगीत रंगभूमीवरील गायक-नट जयराम शिलेदार यांनी केली आणि बया या नर्तिकेची भूमिका हंसा वाडकर यांनी. याच चित्रपटाची हिंदी आवृत्तीही 'मतवाला शायर राम जोशी' या नावाने निघाली होती.

पडद्यावरील कथा साधी आहे आणि म्हणूनच ती मनाला भिडते. सोलापूरच्या विद्वान ब्राह्मण घरातला एक तरुण. घरात पुराणे, कीर्तने आणि शास्त्रचर्चा. याचे कान मात्र तमाशाच्या ढोलकीकडे लागलेले. तो फडासाठी लावण्या रचतो, फडात गातो, बयेवर प्रेम करतो. जातीचे लोक त्याला वाळीत टाकतात. पुढे कीर्ती येते, पेशव्यांच्या दरबारापर्यंत ती पोहोचते आणि मग व्यसनाने तोल जातो. कथेच्या अधूनमधून सवाल-जवाबाचे प्रसंग येतात. एका बाजूने कोडे घातले जाते, दुसऱ्या बाजूने गाण्यातच ते सोडवले जाते. डफ, तुणतुणे आणि ढोलकी यांच्या साथीने बुद्धीची ही कुस्ती चालते. सूनबाईने हातातले काम बाजूला ठेवले ते याच प्रसंगी. नाचगाणे म्हणून ज्याची तिने गणना केली होती, त्यात एवढे डोके चालवावे लागते, याची तिला कल्पना नव्हती.

चित्रपट संपला तेव्हा यार्डातून एक मालगाडी निघाली होती. डब्यांचे आवाज विरेपर्यंत दोघेही गप्प राहिले. मग तिने विचारले, "मामाजी, हे सगळं खरंच घडलं होतं का?"

प्रश्न सोपा होता. उत्तर सोपे नव्हते. मामाजींनी ते आपल्या कामाच्या भाषेत दिले.

"यार्डात शेकडो डबे एकसारखे दिसत. कोणता डबा कोठे जायचा, हे त्याच्यावर खडूने लिहिलेलं असे. खूण नसलेला डबा चुकीच्या गाडीला लागायचा. ऐकलेल्या गोष्टीचंही तसंच आहे. प्रत्येक गोष्टीवर खूण कर. हे नक्की, हे लोक सांगतात, हे सिनेमावाल्यांनी रचलं."

दुसऱ्या दिवशी सूनबाईने वहीत तीन रकाने आखले. पुस्तकातला पाठ, रेल्वे संस्थेच्या वाचनालयातून मामाजींनी आणलेले शाहिरांवरचे पुस्तक आणि रात्री पाहिलेला चित्रपट, ही तीन साधने तिच्यासमोर होती.

'नक्की' या रकान्यात थोडेच आले. रामजोशी सोलापूरचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले. जन्मसाल काही अभ्यासक १७५८ मानतात, काही १७६२. मृत्यू १८१२च्या सुमारास, म्हणजे पेशवाई अस्ताला जाण्याच्या थोडे आधी. त्यांच्या लावण्या आणि इतर कवने आज उपलब्ध आहेत. त्यांची भाषा एकीकडे संस्कृत शब्दांनी भरलेली, तर दुसरीकडे बाजारातल्या बोलण्याइतकी चटपटीत. यमकांची आणि अनुप्रासाची त्यांना विलक्षण हौस. काही रचनांत तर एकाहून अधिक भाषा शेजारी शेजारी नांदतात. हे वाक्य लिहिताना ती क्षणभर थांबली. बाजारात हिंदी, शेजारी छत्तीसगढी आणि घरात मराठी बोलणारी आपली जीभ ही काही उणीव नव्हे, असे तिच्या मनात येऊन गेले.

'सांगतात' हा रकाना मात्र भरभरून वाहू लागला. सांगतात की, रामजोशींचे थोरले बंधू मुद्गल जोशी हे नामांकित पुराणिक होते. धाकट्या भावाला शास्त्राभ्यासाची गोडी नव्हती. तो तमासगिरांच्या संगतीत रमे. कुळाला बट्टा लागतो म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. तेव्हा तो पंढरपुरास गेला आणि तेथे संस्कृताचे अध्ययन करून पंडित होऊन परतला. पुढे कीर्तनेही केली, लावण्याही रचल्या. आणखी असेही सांगतात की, बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्याने आपल्या कीर्तनांतून गाजवल्या आणि दोघांचा स्नेह जुळला.

पंढरपूरची ती ओळ सूनबाईने दोनदा वाचली. ज्याला शाळेच्या वयात अभ्यास नकोसा झाला, ज्याला घरातल्यांनीच निकालात काढले, त्याने मोठेपणी आपण होऊन पाटी हातात घेतली होती. आणि शिकून आल्यावर त्याने लावणी टाकून दिली नाही. जे संस्कृत तो शिकला, ते त्याने लावणीतच ओतले. विद्येने त्याचे गाणे हिरावून घेतले नव्हते. तिने त्या गाण्याला बळ दिले होते. गोष्टीवर खूण 'सांगतात' अशीच होती. परंतु त्याच्या उपलब्ध लावण्यांतील संस्कृतप्रचुर भाषा ही 'नक्की'च्या रकान्यातली होती आणि ती या गोष्टीला दुजोरा देत होती.

तिसऱ्या रकान्यात संवाद आले, प्रसंगांची गुंफण आली. मग एक मोठी अडचण उभी राहिली. गाणी कोणत्या रकान्यात लिहायची?

"शिलेदारांच्या आवाजातली ती प्रसिद्ध लावणी रामजोशींचीच," मामाजी म्हणाले. "पण सगळी गाणी त्यांची नाहीत. बरीचशी माडगूळकरांनी नव्याने लिहिली."

"पण ऐकताना तर फरक कळला नाही."

"कळू नये असंच लिहिलं त्यांनी. त्यातच त्यांची करामत आहे."

माडगूळकर त्या वेळी तिशीच्याही आत होते. १ ऑक्टोबर १९१९ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे या गावी त्यांचा जन्म झाला. गरिबीमुळे शिक्षण पुरे करता आले नाही आणि त्यांनी चित्रपटसृष्टीची वाट धरली. पुढे १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि त्यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले. त्या कीर्तीच्या आठ वर्षे आधी त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शाहिराच्या भाषेत स्वतःला असे मिसळून टाकले होते की, दोघांमधली शिवण सामान्य प्रेक्षकाला दिसू नये. एका कवीने दुसऱ्या कवीला वाहिलेली ती श्रद्धांजलीच होती. पण त्यामुळे ऐकणाऱ्यावर एक जबाबदारीही येते. माडगूळकरांचे गाणे रामजोशींच्या नावावर गेले, तर रामजोशींची कीर्ती वाढत नाही आणि माडगूळकरांचे श्रेय मात्र हरवते. सूनबाईने गाण्यांसाठी रकान्याच्या मधोमध एक रेघ ओढली आणि जे ओळखता आले ते दोन्ही बाजूंना वाटून टाकले.

हा पेच एकट्या मराठी चित्रपटाचा नाही. नेमक्या त्याच वर्षांत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील हॉलिवूडमध्येही लोकप्रिय गीतकार-संगीतकारांच्या आयुष्यावर एकामागून एक संगीतपट निघत होते. जॉर्ज गर्श्विन यांच्यावर 'रॅप्सडी इन ब्लू' १९४५ साली आला. कोल पोर्टर यांच्यावर 'नाइट अँड डे' आणि जेरोम कर्न यांच्यावर 'टिल द क्लाउड्स रोल बाय' १९४६ साली. रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट या जोडीवर 'वर्ड्स अँड म्युझिक' १९४८ साली. कर्न यांचे निधन तर त्यांच्यावरचा चित्रपट तयार होत असतानाच, नोव्हेंबर १९४५ मध्ये झाले. पोर्टर मात्र हयात होते आणि स्वतःचे आयुष्य दुसऱ्याच रूपात पडद्यावर पाहण्याचा योग त्यांना आला. या सर्व चित्रपटांत गाणी अस्सल होती आणि आयुष्य बरेचसे रचलेले होते. प्रेक्षक गाणी ऐकायला येत. कथा ही त्या गाण्यांना ओवून ठेवणारी दोरी असे.

रामजोशींच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी निराळी होती. अमेरिकेतील त्या रचनाकारांची गाणी ध्वनिमुद्रिकांवर होती, छापील स्वरलिपीत होती. ती कोणी लिहिली याची नोंद होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या शाहिराचे गाणे मात्र तोंडातून तोंडात, फडातून फडात जात असे. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफून ठेवी, ती नाममुद्राच त्याची सही. गाणाऱ्याने ते कडवे गाळले की कवी पुसला जाई. म्हणून अशा कवीवर चित्रपट काढणे म्हणजे पुसट झालेली सही पुन्हा ठळक करणे होते.

मराठी चित्रपटाने हे काम संतांपासून सुरू केले होते. एकनाथांच्या जीवनावरील 'धर्मात्मा' १९३५ साली आला. 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. 'संत ज्ञानेश्वर' १९४० साली आला. अभंग आणि ओवी रचणाऱ्यांना पडद्यावर मान मिळाला होता. 'लोकशाहीर रामजोशी'ने तो मान लावणी रचणाऱ्यालाही मिळवून दिला. १९५१ साली शांतारामांनी 'अमर भूपाळी' काढला, तो होनाजी बाळावर. होनाजी हा गवळी, त्याचा साथीदार बाळा करंजकर हा शिंपी. यांच्या नावावरची भूपाळी पहाटे घरोघर म्हटली जाई. ती लावणीकाराची आहे, हे म्हणणाऱ्या अनेकांच्या ध्यानीही नसे. हा चित्रपट १९५२च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. गीतकाराच्या चरित्राची ही परंपरा अजून खंडित झालेली नाही; शाहीर साबळे यांच्या जीवनावरील 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट २०२३ साली प्रदर्शित झाला.

वहीतले रकाने भरत आले, तेव्हा सूनबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली.

"मामाजी, बयेसाठी 'नक्की'च्या रकान्यात काहीच नाही."

मामाजींनी चष्मा लावून वही पाहिली. खरेच, तो चौकोन कोरा होता. रामजोशींच्या फडातली गाणारी, नाचणारी बया परंपरेत सांगितली जाते, चित्रपटात ती दिसते. पण तिचे स्वतःचे म्हणावे असे त्यांना काही सापडले नाही. जिच्या गळ्यातून आणि पायांतून शाहिराचे शब्द लोकांपर्यंत गेले, तिची सही कोणत्याच कडव्यात नव्हती.

या कोऱ्या चौकोनाला काही अंशी उत्तर दिले, ते बयेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने. 'लोकशाहीर रामजोशी'ने मराठीत तमाशापटांची वाट उघडली. त्याच वाटेवर अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि त्यातही हंसा वाडकर होत्या. पुढे याच नावाने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले होते. घरच्यांसाठी कोवळ्या वयात कामाला जुंपलेली मुलगी, कीर्ती, एकटेपण, व्यसन हे सर्व त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा चित्रपट काढला, तो या आत्मकथनाच्या आधारे. त्यात स्मिता पाटील यांनी मुख्य भूमिका केली. दुसऱ्याच्या चरित्रपटात नाचणाऱ्या स्त्रीने स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि तिच्यावरही चित्रपट झाला. बयेला जे साधले नाही, ते तिची भूमिका करणारीने साधले.

"अशी बाई आपल्याकडेही आहे की," सूनबाई एकदम म्हणाली. तिला तीजनबाई आठवल्या होत्या.

भिलाईपासून जवळच असलेले गनियारी हे तीजनबाईंचे गाव. छत्तीसगडात महाभारताची कथा पंडवानीच्या रूपाने गाऊन सांगतात. स्त्रिया पंडवानी बसून गात. उभे राहून, हातातला तंबुरा कधी भीमाची गदा तर कधी अर्जुनाचे धनुष्य करून कथा सांगणे, हे पुरुषांचे काम समजले जाई. तीजनबाई तशा उभ्या राहिल्या. बाईमाणसाने पंडवानी गावी, हे त्यांच्या जमातीला रुचले नाही आणि त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्या गात राहिल्या. अक्षरओळख नसताना त्यांनी महाभारत कंठस्थ केले होते. नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांचे गुण हेरले. भिलाईच्या पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली आणि पुढे त्यांची कला देशोदेशी गेली. २००३ साली त्यांना पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळाले.

सोलापूरच्या ब्राह्मण शाहिराला वाळीत टाकल्याची गोष्ट आणि गनियारीच्या गायिकेला वाळीत टाकल्याची गोष्ट, यांत दीडदोनशे वर्षांचे आणि शेकडो कोसांचे अंतर आहे. एकाला वरून खाली उतरला म्हणून शिक्षा झाली, दुसरीला पुरुषांच्या जागी उभी राहिली म्हणून. दोघांचाही अपराध एकच होता. ज्या गाण्यावर त्यांचा हक्क नाही असे इतरांनी ठरवले होते, ते गाणे त्यांनी आपले मानले. आणि दोघांनाही शेवटी ज्यांनी तारले, ते ऐकणारे लोक होते. लोकांना गाणाऱ्याची जात किंवा पोशाख आठवत नाही. त्यांना गाणे आठवते.

संध्याकाळ झाली होती. सूनबाईने दिवा लावला आणि पुन्हा वही उघडली. आठ दिवस मागे पडलेल्या पुस्तकातला प्रश्न होता: 'शाहीर म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत लिहा.' गेल्या वर्षी या प्रश्नाला तिने पाठ केलेली व्याख्या लिहिली होती आणि ती मध्येच विसरली होती. या वेळी तिने पुस्तक मिटले. ज्याचे शब्द लोक आपलेच समजून गातात आणि तरीही ज्याचे नाव शोधून काढणे हे आपले कर्तव्य असते, तो शाहीर, असे तिने लिहिले. वाक्य जरा लांबले होते. पण ते तिचे स्वतःचे होते.

मामाजींनी ते वाचले. काही सुधारले नाही. एवढेच म्हणाले, "अर्जाची शेवटची तारीख काय आहे, बेटा?"

"पुढच्या सोमवारपर्यंत आहे."

"मग शनिवारी जाऊन येऊ."

ती काही बोलली नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

रात्री सर्व निजल्यावर तिने वहीचे कोरे पान काढले. तांदूळ निवडताना ती जी ओवी गुणगुणत असे, ती तिने आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर उतरवली. आई जात्यावर बसून ती म्हणत असे. आईला ती आजीकडून आली होती. त्या ओवीत कोणाची नाममुद्रा नव्हती. रचणारीचे नाव काय, हे आता कोणीही सांगू शकणार नव्हते. 'सांगतात' असे लिहावे, तर सांगणारेही कोणी उरले नव्हते. तिने थोडा विचार केला आणि ओवीखाली आईचे नाव व गाव लिहिले. नावापुढे लिहिले: 'हिच्याकडून ऐकली.' मग मामाजींनी सांगितल्याप्रमाणे खूण केली. ती खूण 'नक्की' अशी होती.